ऊन विकणारं गाव : ढुंडीचे सौर पंप आणि जमिनीखालचं पाणी

गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, ठासरा तालुक्यात, ढुंडी नावाचं एक छोटं गाव आहे. रणछोडरायाचं डाकोर याच तालुक्यातलं. २०१५-१६ च्या सुमारास ढुंडीतल्या सहा शेतकऱ्यांनी एक सहकारी संस्था काढली. तिचं नाव ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी. शेतात सौर पॅनल लावायचे, त्यावर आपापल्या मोटरी चालवायच्या आणि उरलेली वीज सरकारी वीज कंपनीला विकायची, हे तिचं काम. सौर पंपावर ओलित करणाऱ्यांची जगातली ही पहिली सहकारी संस्था, असं तिच्याबद्दल लिहिलं गेलं.

सहा शेतकरी म्हणजे आपल्याकडे एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या एका रोहित्रावर, असतात त्या कनेक्शनांपेक्षाही कमी. तरीही या प्रकरणाचा मुद्दाम अभ्यास करावा, आणि तो आज महाराष्ट्रात बसून करावा, असं मला वाटतं. आपल्या राज्यात सौर पंपांची संख्या आता लाखांच्या घरात गेली आहे. ज्यांच्या रानात ते बसले त्यांची रात्रीची पाळी चुकली, डिझेलचा खर्च वाचला, वायरमनच्या मागे फिरणं थांबलं. हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण पंपाखाली विहीर आहे, विहिरीभोवती खडक आहे, आणि त्या खडकात पाणी मावतं किती, हा प्रश्न सौर योजनांच्या चर्चेत फारसा येत नाही. ढुंडीत तो पहिल्यापासून मध्यभागी होता. उन्हाला भाव मिळाला तर शेतकरी पाणी जपेल का, हे तिथे पाहायचं होतं.

इंजिनांचा काळ

हा चरोतरचा भाग. मही नदीच्या उजव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात फिरतं, खाली गाळाची जमीन आहे आणि कालव्यातून पाझरलेलं पाणी भूजलात भर घालत राहतं. उत्तर गुजरातेत मेहसाण्याकडे बोअर शेकडो फूट खोल गेले, तशी अवस्था इथे नाही. गहू, बाजरी, भात, तंबाखू अशी पिकं. जमिनी लहान.

मंडळीच्या सभासदांच्या शेतात वीज नव्हती. ते डिझेल इंजिनावर पाणी उपसत, स्वतःच्या पिकाला देत आणि शेजाऱ्यालाही विकत. चरोतरमध्ये पाणी विकणं हा जुना आणि उघड व्यवहार आहे. ज्याच्याकडे कूपनलिका नाही तो तासावर किंवा बिघ्यावर पाणी विकत घेतो, आणि असे घेणारे बहुतेक अल्पभूधारक किंवा बटाईने कसणारे असतात. पाच एचपीचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं. त्यामुळे पाण्याचा भाव डिझेलच्या भावाला बांधलेला आणि पाणी घेणाऱ्याला तो जड.

या सहा जणांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, इंजिन तसंच चालू ठेवायचं. दुसरी, वीज जोडणीसाठी अर्ज करून वाट पाहायची. गुजरातने १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपांना एचपीवर सरसकट आकारणी लावली. मोटर तासभर चालवा की आठ तास, बिल तेवढंच. पुढे २००३ ते २००६ दरम्यान ज्योतिग्राम योजनेत गावठाणाचे आणि शेतीचे फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, वेगळे झाले, शेतीला आठ तासांची थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळू लागली. उपशाला थोडा लगाम बसला, पण सरकारवरचं अनुदानाचं ओझं गेलं नाही. शेतीपंपाची एक नवी जोडणी म्हणजे राज्याच्या तिजोरीवर पुढच्या कित्येक वर्षांचा बोजा.

तिसरी वाट होती अनुदानावर मिळणाऱ्या एकट्या सौर पंपाची, म्हणजे ज्याचा ग्रिडशी काही संबंध नाही अशा पंपाची. देशभर हीच वाट सगळ्यात जास्त वापरली गेली. तिच्यात एक मोठी उणीव आहे.

एक किलोवॅटचं पॅनल आपल्या हवामानात दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतं, वर्षाला साधारण १,४०० युनिट. पाच किलोवॅटचं पॅनल धरलं तर वर्षाला ७,००० युनिट झाले. पिकाला पाणी मात्र रोज लागत नाही. पावसाळ्यात लागत नाही, पीक काढणीला आलं की लागत नाही, रान मोकळं असताना लागत नाही. त्या सगळ्या दिवसांत पॅनलवर ऊन पडतं आणि वाया जातं. लाखो रुपयांची, बहुतांशी सरकारी पैशाची वस्तू वर्षातला मोठा काळ नुसती उभी राहते.

तेही एक वेळ चाललं असतं. पण शेतकऱ्याने असं ठरवलं की उभी का ठेवू, चालवतो, तर? त्याला एका तासाच्या उपशाला एक पैसाही लागत नाही. डिझेलवाला टाकीकडे बघून इंजिन बंद करतो. सौर पंपवाल्याकडे मोटर बंद करण्याचं पैशाचं असं कोणतंच कारण नाही. सूर्य उद्या पुन्हा उगवणार आहे, म्हणून सौर ऊर्जेला आपण अक्षय म्हणतो. तिच्या जोरावर आपण जे वर काढतो ते भूजल वर्षाला जेवढं मुरतं तेवढंच अक्षय, त्यापलीकडचं नाही. पहिल्याला मर्यादा नाही आणि दुसऱ्याला आहे. एकटा सौर पंप या दोघांना जोडतो, पण मर्यादेची जाणीव करून देणारी कुठलीही गोष्ट मध्ये ठेवत नाही.

सौदा

आणंदमध्ये इंटरनॅशनल वॉटर मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट आणि टाटा ट्रस्ट्‌स यांचा जलधोरणावरचा संयुक्त संशोधन कार्यक्रम चालतो. भूजल, पंप आणि वीज यांच्या नात्यावर आयुष्यभर काम केलेले तुषार शाह हे त्यामागचं प्रमुख नाव. त्यांच्या गटाचं म्हणणं सोपं होतं. शेतकरी गहू विकतो, दूध विकतो, तशी त्याला वीजही पीक म्हणून विकू द्या. वीज विकून पैसे मिळणार असतील, तर मोटर चालवताना तो मनात हिशेब करील, की हा तास पाण्यावर घालवू की विजेवर. पाण्याला मीटर लावायची गरज नाही, भूजलावर पहारा बसवायची गरज नाही.

ढुंडीत हा विचार कागदावरून रानात आला. पाच एचपीच्या मोटरीला ८ किलोवॅटचे पॅनल दिले, साडेसात एचपीच्या मोटरीला १०.८ किलोवॅटचे. मोटरीच्या गरजेपेक्षा पॅनल मुद्दाम मोठे ठेवले, कारण विकायला वीज उरायला हवी होती. सहा पंपांची मिळून क्षमता ५६.४ किलोवॅट झाली. नंतर आणखी तीन सभासद आले आणि ती ७१.४ किलोवॅटवर गेली.

मध्य गुजरात वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला. भाव युनिटला ४ रुपये ६३ पैसे. त्यावर संशोधन कार्यक्रमाच्या पैशातून सव्वा रुपया स्वच्छ विजेबद्दल आणि सव्वा रुपया पाणी वाचवण्याबद्दल, असे अडीच रुपये वर मिळाले. शेतकऱ्याच्या हाती युनिटला ७ रुपये १३ पैसे पडू लागले. बदल्यात सभासदांनी लिहून दिलं की पुढची २५ वर्षं आम्ही अनुदानाच्या वीज जोडणीची मागणी करणार नाही.

या शेवटच्या अटीकडे नीट पाहायला हवं. वीज कंपनी चांगुलपणाने वीज विकत घेत नव्हती. या शेतकऱ्यांना जोडण्या दिल्या असत्या, तर त्यांच्या विजेवर वर्षानुवर्षं तोटा सोसावा लागला असता, तो वाचला. शिवाय प्रत्येक वीज कंपनीला आपल्या खरेदीतला ठरावीक हिस्सा अक्षय स्रोतांतून घ्यावा लागतो, त्यात ही वीज मोजता येते. दोन्ही बाजूंनी काही दिलं आणि काही घेतलं, म्हणून तो करार टिकाऊ वाटतो. नुसत्या अनुदानावर उभ्या असलेल्या योजनांत हे सहसा दिसत नाही.

भांडवलाचा प्रश्न मात्र खुला राहिला. पहिल्या सहा जणांनी किलोवॅटला ५,००० रुपये घातले, बाकीचा भार संशोधन निधीने उचलला. नंतरच्या तिघांकडून किलोवॅटला २५,००० रुपये घेतले. हे तिघे पाचपट रक्कम मोजून आत आले, याचा अर्थ शेजारच्या रानात काय चाललं आहे ते पाहून त्यांना पटलं होतं. मला तरी या प्रकरणातला हा सगळ्यात बोलका आकडा वाटतो. शेतकरी माहितीपत्रकावर विश्वास ठेवत नाही, बांधापलीकडे दिसतं त्यावर ठेवतो.

पॅनलने जमीन अडते, ही पहिली तक्रार असते. ढुंडीत पॅनल उंचावर घेतले आणि त्यांच्या सावलीत गाजर, पालक, बीट अशी थोडी सावली सोसणारी पिकं घेऊन पाहिली.

मीटर एकच

सहा शेतकऱ्यांनी सहा करार करायचे, सहा मीटर लावायचे, सहा ठिकाणी वाहिनी ओढायची, तर वीज कंपनीने दारातही उभं केलं नसतं. आठ-दहा किलोवॅटच्या विक्रेत्याशी व्यवहार करण्याचा खर्च त्या विजेच्या किमतीत बसत नाही. ढुंडीच्या सभासदांनी आपापले पॅनल आपसांत तारांनी जोडले आणि सगळी वीज एका ठिकाणी, एका मीटरमधून ग्रिडला दिली. कंपनी मंडळीला सगळ्या विजेचे पैसे एकत्र देते. कोणी किती वीज घातली हे मंडळी आतल्या मीटरांवरून पाहते आणि पैसे वाटते.

हे खेडा जिल्ह्यात घडलं, यात नवल नाही. याच जिल्ह्यात १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला आणि पुढे वर्गीज कुरियन यांच्या काळात तो अमूल म्हणून देशाला माहीत झाला. दोन लिटर दूध घालणाऱ्याला एकट्याने बाजारात काहीच किंमत नव्हती. गावच्या मंडळीत माप झालं, फॅट लागलं, हिशेब चोख झाला, म्हणून त्याला भाव मिळाला. ज्या गावांनी तीन पिढ्या रोज दोन वेळा हे केलं आहे, त्यांना दुधाच्या जागी युनिट मोजणं समजावून सांगावं लागत नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१८ मध्ये आणंद जिल्ह्यातल्या मुजकुवा गावात अशीच सौर सहकारी मंडळी उभी करायला मदत केली, तीही याच परंपरेतून.

आपल्याकडे सहकाराची परंपरा कमी नाही. पण महाराष्ट्रातली बरीच सौर पंप योजना एका शेतकऱ्याला एक पंप या पद्धतीने चालते. शेतकरी ऑनलाइन अर्ज करतो, आपला हिस्सा भरतो, पुरवठादार निवडतो, पंप बसतो. शेजाऱ्याशी बोलण्याची गरज कुठेच येत नाही.

तासाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाव मिळाला, तर शेतकरी पाणी जपतो का?

पाच एचपीची मोटर तासाला साधारण ४ युनिट घेते. ४ रुपये ६३ पैशांच्या भावाने एका तासाची वीज साडेअठरा रुपयांची झाली. ७ रुपये १३ पैशांच्या भावाने साडेअठ्ठावीस रुपयांची. म्हणजे ढुंडीच्या सभासदाने एक तास मोटर चालवली, तर तेवढी कमाई सोडून दिली. फुकट वाटणाऱ्या पाण्याला पहिल्यांदा किंमत आली.

पण त्याच तासात काढलेलं पाणी शेजाऱ्याला विकलं तर? त्या काळात डिझेल लिटरला पन्नाशीच्या आसपास होतं. इंजिनवाल्याला नुसत्या इंधनापोटी तासाला तेवढे पैसे पडत, वर त्याचा नफा. सौर पंपवाल्याने तासाला चाळीस रुपये घेतले असं धरलं, तरी घेणाऱ्याला पाणी स्वस्त पडतं आणि देणाऱ्याला वीज विकण्यापेक्षा जास्त मिळतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण दिशा तीच निघते. ढुंडीच्या सभासदांनी वीजही विकली आणि पाणीही विकलं, आणि त्यांचं पाणी डिझेलवाल्यांपेक्षा स्वस्त होतं.

याकडे दोन बाजूंनी पाहता येतं. भूजल वाचवणं एवढाच हेतू धरला, तर पाण्याची विक्री हा दोष. पण ज्याच्याकडे स्वतःची कूपनलिका नाही, जो दुसऱ्याची जमीन बटाईने कसतो, त्याच्या पिकाला पहिल्यांदा परवडणारं पाणी मिळालं. चरोतरमध्ये भूजलाची स्थिती बरी आहे, त्यामुळे तिथे मी या माणसाच्या बाजूने उभा राहीन. विजेचा भाव इतका चढा ठेवला की पंपवाला पाणी विकणंच बंद करील, तर पाणी जमिनीत राहील, पण त्याची किंमत गावातला सगळ्यात गरीब शेतकरी मोजेल. वीज विकत घेण्याचा भाव ठरवणं म्हणजे गावातलं पाणी कोणाला मिळणार, हेही ठरवणं. मंत्रालयात बसून युनिटचा दर लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं.

तासाला साडेअठ्ठावीस रुपयांचा धाक नेमका कुठे चालतो, हेही पाहू. उसाला द्यायच्या पाण्यावर तो चालणार नाही, कारण उसाच्या उत्पन्नापुढे ही रक्कम किरकोळ आहे. द्राक्षाच्या, केळीच्या बागेवर तर नाहीच. तो चालतो निष्काळजीपणावर. रात्री लाईट आली की आपोआप सुरू होणारी मोटर, पाट फुटून ओढ्याला चाललेलं पाणी, 'आलीच आहे वीज तर राहू दे चालू' म्हणून भरलेलं रान, हे सगळं भावाने थांबतं. ही बचत लहान नाही. फुकट विजेवर किती पाणी असं जातं, ते ज्याने दारं धरली आहेत त्याला सांगावं लागत नाही.

पण पाण्याच्या पिकाचा मोह भावाने सुटत नाही. त्यासाठी गावाने एकत्र बसून ठरवावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत आणि पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत असं ठरवलं, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि तो पाळला. तिथे कोणी युनिटला सात रुपये देत नव्हतं. ढुंडीच्या अभ्यासातून भाव हे एकमेव औषध आहे असा निष्कर्ष काढणं मला मान्य नाही. गावाने ठरवलेली मर्यादा भावामुळे पाळायला सोपी जाते, इतकं मात्र मी नक्की म्हणेन.

ढुंडीनंतर

जून २०१८ मध्ये गुजरात सरकारने सूर्यशक्ती किसान योजना जाहीर केली. ३३ जिल्ह्यांत सुमारे १२,४०० शेतकरी हे सुरुवातीचं उद्दिष्ट होतं. शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे, बाकीचा खर्च अनुदान आणि कर्ज यांतून. पहिली सात वर्षं युनिटला सात रुपये, त्यातले साडेतीन वीज कंपनीचे आणि साडेतीन राज्य सरकारचे. त्यानंतरची १८ वर्षं साडेतीन रुपये. संकल्पना ढुंडीची होती, पण एकक बदललं. मंडळीच्या जागी फिडर आला आणि ज्यांच्याकडे आधीच ग्रिडची जोडणी आहे असे शेतकरी आले.

दराची ही रचना कर्जफेडीच्या दृष्टीने ठीक आहे. पाण्याच्या दृष्टीने नाही. आठव्या वर्षी तासाभराच्या विजेची किंमत अठ्ठावीस रुपयांवरून चौदावर येते. कर्ज फिटलेलं, पॅनल स्वतःचे आणि वीज विकण्याचा मोह निम्म्यावर, अशा वेळी उपसा कुठे जाईल, याचा अंदाज बांधता येतो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये पीएम कुसुम योजना आणली. तिचे तीन भाग आहेत. पडीक जमिनीवर दोन मेगावॅटपर्यंतचे छोटे प्रकल्प, ग्रिडशी न जोडलेले सौर पंप, आणि ग्रिडवर असलेल्या पंपांचं किंवा सबंध फिडरचं सौरीकरण. तिसऱ्या भागात ढुंडीचा ठसा स्पष्ट दिसतो. पण प्रत्यक्षात देशभर धावला तो दुसरा भाग, कारण तो सोपा आहे. वीज कंपनीला काही विकत घ्यावं लागत नाही, शेतकऱ्याला करार करावा लागत नाही, आणि अमुक इतके पंप बसले असं सांगता येतं.

आपल्या खडकावर

महाराष्ट्रात सध्या तीन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के, आणि अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो. हे पंप ग्रिडला जोडलेले नाहीत. दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, राळेगण सिद्धीपासून तिची सुरुवात झाली, आणि २०२३ नंतर तिने मोठा वेग घेतला. यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं आणि त्या फिडरवरच्या शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळते. तिसरी गोष्ट म्हणजे साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज.

दिवसा वीज मिळणं ही शेतकऱ्याची न्याय्य मागणी आहे, आणि मी ती हिशेबाच्या वर ठेवतो. जुन्नर, शिरूरकडे बिबट्याच्या भीतीत, अंधारात, साप-विंचवाच्या वाटेवर दारं धरायला जाणाऱ्या माणसाला युनिटचे दर आधी सांगू नयेत. पण तिन्ही योजनांत एक गोष्ट समान आहे. मोटरीचा पुढचा तास शेतकऱ्याला फुकट आहे. ढुंडीने जो प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला, तो आपण जसाच्या तसा ठेवला आहे, आणि तोही चरोतरपेक्षा कितीतरी नाजूक जमिनीवर.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या काळ्या खडकाचा आहे. गाळाच्या जमिनीत पाणी कणाकणांत साठतं. आपल्याकडे ते झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं, आणि ती साठवण तुलनेने फार थोडी. चांगला पावसाळा झाला तर विहीर ऑक्टोबरला काठोकाठ असते आणि फेब्रुवारीत तळ दाखवते. उपसा वाढला तर ती जानेवारीतच दाखवील. मग माणूस बोअर घेतो, आणि शेजारीही घेतो.

इथे एक गोष्ट आहे जी ढुंडीत नव्हती. आपल्याकडे ऊन सगळ्यात कडक असतं ते मार्च ते मे. पॅनल तापलं की दर अंशामागे त्याचं उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटतं, तरीही निरभ्र आकाशामुळे हे महिने विजेच्या दृष्टीने भरीव असतात. नेमक्या त्याच काळात दुष्काळी पट्ट्यातल्या विहिरीत उपसायला पाणी नसतं. पारनेर, माण, आष्टी, जत, कुठेही जा. पॅनल लखलखत असतं आणि मोटर पाण्यावाचून बंद. पंपाच्या कंट्रोलरला जोड देऊन कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते, पण तेवढ्याने सगळी वीज खपत नाही.

पाच एचपीच्या पंपाला साधारण पाच किलोवॅटचे पॅनल असतात. दिवसाला २० युनिट धरले, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १२० दिवसांत २,४०० युनिट झाले. सौर कृषी वाहिनीत खासगी प्रकल्पांकडून वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास घेतली जाते. तोच दर या शेतकऱ्याला दिला, तरी ७,२०० रुपये होतात. चरोतरमध्ये वीज विकायची की पाणी, असा झगडा होता. आपल्या कोरडवाहू भागात उन्हाळ्याचे चार महिने तो झगडाच नाही, कारण विकायला पाणी नाही. म्हणून ढुंडीची कल्पना आपल्याकडे जास्त सरळ बसते, असं माझं मत आहे. रब्बीच्या काळात दर थोडा चढा ठेवला, तर जानेवारीतला निष्काळजी उपसाही कमी होईल आणि विहीर चार आठवडे जास्त टिकेल.

तांत्रिक अडचणी खऱ्या आहेत. ग्रिडला वीज द्यायची तर फिडर दिवसा चालू असावा लागतो. वाहिनीत वीज नसेल तर ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप थांबतो, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. रात्रपाळीच्या फिडरवर हे कधीच जमलं नसतं. आता सौर कृषी वाहिनीमुळे फिडर दिवसा चालू लागले आहेत, म्हणजे ही अट आपोआप पुरी होते आहे. दुसरी अडचण विखुरलेल्या विहिरींची. प्रत्येक विहिरीवर विक्रीचा मीटर लावणं वीज कंपनीला परवडणार नाही. त्याचं उत्तर ढुंडीने दिलं आहे, आणि आपल्याकडे त्यासाठी एकक तयार आहे, ते म्हणजे डीपी. एका डीपीवरचे दहा-पंधरा शेतकरी एकमेकांना ओळखतात. डीपी जळाली की तेच वर्गणी काढतात, तेच ट्रॅक्टर करून ती दुरुस्तीला नेतात, तेच कार्यालयात खेटे घालतात. वीज घेताना जो गट एकत्र येतो, तोच वीज विकताना येऊ शकतो. मीटर डीपीवर एक, आतली वाटणी गटाची.

सुरुवात एका तालुक्यातल्या एका फिडरवर करता येईल. विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेने आधी आणि नंतर मोजावी, विजेचे आकडे मीटरवर मिळतीलच. अटी ढुंडीसारख्या दोन्ही बाजूंना बांधणाऱ्या असाव्यात. शेतकऱ्याने मोफत विजेवरचा हक्क सोडावा, कंपनीने २५ वर्षांचा भाव लिहून द्यावा. सात हजार दोनशे रुपये ही मोठी रक्कम नाही. पण ती जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाली, तर त्यातून बियाण्याची पिशवी आणि खताचं पहिलं पोतं येतं, आणि कृषी सेवा केंद्रात उधारीची वही उघडावी लागत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत बसलेल्या पंपाला आज ही सोय नाही.